कीर्द आधीं, खतावणी मागून
[संगणकांतील सूची अपघातांतून कशा वांचवितात, या विषयावरील नभोवाणी-भाषण]

माझ्या लहानपणीं आमच्या पेठेंत एक किराणा-भुसाराचें दुकान होतें. तेथील दिवाणजींची एक रीत मला अजून आठवते. गिऱ्हाईक उधारीवर माल नेऊं लागलें कीं दिवाणजी आधीं कीर्दींत एक ओळ लिहीत आणि ती लिहून झाल्यावरच पुडकें गिऱ्हाइकाच्या हातीं पडे. खतावणीची जाड वही मागल्या फळीवर असे. तिला ते दुपारीं दुकान निवांत झाल्यावर हात लावीत. मीं एकदां त्यांना विचारलें, "दिवाणजी, ज्याचें त्याचें खातें खतावणींत आहे, मग रक्कम एकदम तेथेंच कां मांडीत नाहीं?" ते म्हणाले, "खतावणींत पान शोधायचें, जुनी बाकी पाहायची, नवी मांडायची. इतक्यांत कोणी हांक मारली, नाहीं तर दिवा गेला, तर काम अर्धवट राहील, आणि तें अर्धवट राहिलें हें मलाहि उद्यां आठवायचें नाहीं. कीर्दींत फक्त एक ओळ. ती पुरी झाली कीं मी मोकळा."

आज जगांतील बँका, रेल्वेचीं आरक्षणें, रुग्णालयांचीं दप्तरें ज्या संगणकांवर चालतात, त्यांच्या पोटांत हीच रीत पाळली जाते. फरक एवढाच कीं दिवाणजींचा दिवा महिन्यांतून एखादे वेळीं जाई, आणि संगणकाला एका सेकंदांत हजारों रकमा मांडावयाच्या असतात. आजच्या भाषणांत मी या दप्तराच्या एकाच अंगाविषयीं, म्हणजे त्याच्या सूचीविषयीं, बोलणार आहें. वीज अकस्मात् गेली असतां अर्ध्यावर राहिलेली सूची पुन्हां खरी कशी करतात, हा आपला प्रश्न.

प्रथम सूची म्हणजे काय तें पाहूं. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकें फळ्यांवर असतात. पण वाचक फळ्या धुंडाळीत फिरत नाहीं. तो कार्डांच्या पेटीपाशीं जातो, अक्षर शोधतो आणि कार्डावरील क्रमांकावरून पुस्तकापर्यंत पोंचतो. संगणकांतील माहितीच्या भांडाराला डेटाबेस म्हणतात, आणि त्यांतील कार्डांच्या पेटीला इंडेक्स म्हणजे सूची. कोट्यवधि खात्यांतून एक खातें शोधतांना सर्व खातीं चाळावयाचीं म्हटलीं तर मिनिटेंच्या मिनिटें जातील. सूची असेल तर तेंच काम डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं होतें.

या सूचीचा सर्वांत प्रचलित प्रकार बी-ट्री या नांवानें ओळखला जातो. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनीं अमेरिकेंतील बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेंत ही रचना सिद्ध केली आणि 1972 सालीं ती ग्रथित झाली. तिला वृक्ष म्हणतात तें यथार्थ आहे. मुळाशीं एक पान. त्यावर शेंकडों निर्देश: अमुक अक्षरापासून अमुक अक्षरापर्यंतचीं नांवें अमुक पानावर. त्या पानावर तसेच आणखी निर्देश, आणि अगदीं शेवटच्या पानांवर खरीं नांवें व त्यांचे पत्ते. एका पानावर समजा तीनशें निर्देश मावले, तर तीन पायऱ्यांच्या वृक्षांत 2 कोटी 70 लक्ष नांवें बसतात, आणि त्यांपैकीं कोणतेंहि नांव तीन पानें उलटून सांपडतें. ही या रचनेची थोरवी. परंतु तिचें दुखणेंहि येथूनच सुरू होतें.

एखादें पान भरलें आणि त्यावर आणखी एक नांव घालावयाचें झालें, तर काय करावयाचें? त्या पानाचे दोन भाग करावे लागतात. अर्धीं नांवें जुन्या पानावर ठेवावयाचीं, अर्धीं नव्या कोऱ्या पानावर न्यावयाचीं, आणि वरच्या पायरीवरील पानाला कळवावयाचें कीं आतां येथून पुढचीं नांवें नव्या पानावर पाहावींत. म्हणजे नांव एक वाढलें, पण पानें तीन बदललीं. शेजारच्या पानांना एकमेकांचे पत्ते दिलेले असतील तर चारहि बदलतात. आणि हीं सर्व पानें एका क्षणीं, एका फटक्यांत, कायमच्या सांठ्यावर उतरविण्याची सोय संगणकापाशीं नाहीं. तीं एकामागून एकच उतरतात.

येथें संगणकाच्या घडणीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याची स्मृति दोन प्रकारची असते. एक चपळ परंतु क्षणभंगुर; वीज गेली कीं ती पाटीसारखी कोरी होते. दुसरी संथ परंतु टिकाऊ. तिला डिस्क म्हणतात. सर्व काम चपळ स्मृतींत चालतें आणि बदललेलीं पानें सवडीनें डिस्कवर उतरविलीं जातात. त्यांचा क्रमहि कामाच्या क्रमाला धरून नसतो. जागेच्या निकडीनुसार कोणतें पान आधीं, कोणतें मागून, असें चालतें.

आतां कल्पना करा कीं वरील विभागणीच्या मध्येंच वीज गेली. जुनें पान अर्धें रिकामें होऊन डिस्कवर गेलें, पण नवें गेलें नाहीं: अर्धीं नांवें जगांतून नाहींशीं झालीं. किंवा नवें पान गेलें, पण वरच्या पानाला बातमी पोंचली नाहीं: नांवें आहेत, पण त्यांच्याकडे जाणारी वाट नाहीं. किंवा वरचें पान गेलें आणि नवें राहिलें: वाट आहे, पण ती ओसाड जागीं जाऊन पोंचते.

कोणी म्हणेल, सूचीच ती. मूळ नोंद तर शाबूत आहे ना? शाबूत आहे, आणि भय नेमकें तेथेंच आहे. सूची मोडली तर ती ओरडून सांगत नाहीं. ती शांतपणें खोटें बोलते. एका रुग्णाला अमुक औषध बाधतें, ही नोंद दप्तरांत आहे असें समजा. वैद्य नांव टाकून विचारतो, संगणक सूची पाहतो, सूचींतून तें नांव गळलेलें असतें, उत्तर येतें, "अशी नोंद नाहीं." वैद्याला संशय येण्याचें कांहींच कारण नसतें. तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें पाहा. एकच क्रमांक दोघांना दिला जाऊं नये याचा पहाराहि सूचीच करते. नवा क्रमांक देण्यापूर्वीं संगणक सूचीला विचारतो, "हा पूर्वीं कोणाला दिला आहे काय?" मोडकी सूची "नाहीं" म्हणते आणि एक जागा दोघांच्या नांवें लागते. अशा चुका त्याच दिवशीं उघडकीस येत नाहींत. त्या कित्येक महिन्यांनीं उघड होतात, आणि तोंवर त्यांच्यावर दुसऱ्या चुकांचे मजले चढलेले असतात.

मग उपाय काय? उपाय दिवाणजींचा. कोणतेंहि पान डिस्कवर बदलण्यापूर्वीं, आपण काय बदलणार आहोंत याची नोंद एका स्वतंत्र वहींत करावयाची. या वहीला लॉग म्हणतात. आपण तिला कीर्दच म्हणूं. नियम दोनच आहेत. पहिला: पानाचा बदल डिस्कवर जाण्याआधीं त्या बदलाची कीर्दींतील नोंद डिस्कवर गेली पाहिजे. दुसरा: व्यवहार पुरा झाला असें गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वीं त्या व्यवहाराच्या सर्व नोंदी, अखेरच्या "पुरा झाला" या नोंदीसह, डिस्कवर गेल्या पाहिजेत. हे दोन नियम अभंग पाळले तर पानें केव्हां आणि कोणत्या क्रमानें उतरतील याची चिंता उरत नाहीं. पान मागें राहिलें तरी तें कीर्दीवरून पुढें आणतां येतें.

एकाऐवजीं दोनदां लिहिण्यानें काम वाढत नाहीं काय? वाढतें, परंतु वाटतें तितकें नाहीं. सूचीचीं पानें डिस्कवर दूरदूर विखुरलेलीं असतात आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एका पानाहून दुसऱ्याकडे जावयास सेकंदाचे कित्येक हजारांश खर्च होतात. कीर्द मात्र एकामागून एक अशी सलग लिहिली जाते. तींत शोधाशोध नाहीं. शिवाय एकाच क्षणीं पुऱ्या झालेल्या अनेक व्यवहारांच्या नोंदी एकाच खेपेंत उतरवितां येतात, जशीं अनेकांचीं पत्रें एका थैलींतून जातात.

आतां अपघातानंतरची गोष्ट. वीज परत आली, संगणक उठला. त्याच्यापुढें कांहीं जुनीं, कांहीं नवीं अशीं सरमिसळ झालेलीं पानें आहेत, आणि कीर्द आहे. कोणतें पान किती मागें पडलें आहे हें त्याला कसें कळावें? युक्ति साधी आहे. कीर्दींतील प्रत्येक नोंदीला चढता अनुक्रमांक असतो, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या पानाला लागलेल्या शेवटच्या नोंदीचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. संगणक कीर्द वाचीत जातो. नोंद 500 क्रमांकाची आणि पानावर 480, तर हा बदल पानावर चढलेला नाहीं. तो चढवावयाचा आणि माथ्यावर 500 लिहावयाचें. पानावर 500 किंवा त्याहून मोठा आंकडा असेल तर हात लावावयाचा नाहीं. यामुळें दुरुस्ती चालू असतां पुन्हां वीज गेली तरी बिघडत नाहीं. तेंच काम पुन्हां आरंभापासून केलें तरी एकच रक्कम दोनदां मांडली जाण्याची भीति नाहीं.

कीर्द अगदीं पहिल्या दिवसापासून वाचावी लागूं नये यासाठीं अधूनमधून खुणेचा दगड रोंवतात. त्याला चेकपॉइंट म्हणतात. त्यावेळेपर्यंत बदललेलीं पानें डिस्कवर उतरवून कीर्दींत खूण करतात कीं दुरुस्ती येथून सुरू केली तरी चालेल. हे दगड दूर दूर असले तर रोजच्या कामाला अडथळा कमी, पण अपघातानंतर खोळंबा अधिक. जवळ जवळ असले तर उलट.

ही विद्या एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. 1970 नंतरच्या दशकांत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेंत सिस्टिम आर या नांवाचें डेटाबेस बांधण्यांत आलें. त्यांत पानाच्या छायेची पद्धत होती: जुनें पान तसेंच ठेवावयाचें, बदल दुसऱ्या जागीं नव्या प्रतीवर करावयाचा, आणि सर्व कांहीं नीट झाल्यावर जुन्यावरून नव्यावर बोट ठेवावयाचें. ऐकावयास ही सुरेख वाटते. पण पानें आपल्या जागा सोडून इतस्ततः पांगतात आणि काम मंदावतें. ती व्यवस्था बांधणाऱ्यांनींच 1981 सालच्या आपल्या लेखांत, मोठ्या भांडारासाठीं कीर्दीचीच पद्धत बरी, असा कबुलीजबाब दिला. त्यांत जिम ग्रे हे प्रमुख होते. व्यवहार पुरा तरी व्हावा किंवा मुळींच होऊं नये, या तत्त्वाला शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय बहुतांशीं त्यांच्याकडे जातें. त्यासाठीं त्यांना 1998 सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. 2007 च्या जानेवारींत ते सॅन फ्रान्सिस्कोहून आपल्या शिडाच्या होडींतून एकटे समुद्रांत गेले ते परतले नाहींत. पुष्कळ शोध होऊनहि होडीचा मागमूस लागला नाहीं.

या सर्व अनुभवाचें सार 1992 सालीं एका प्रदीर्घ लेखांत आलें. त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर; ते व आय.बी.एम.मधील त्यांचे चार सहकारी यांनीं जी पद्धत मांडली तिचें नांव एरीज, म्हणजे लॅटिनांत मेष. तिच्या तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरींत कीर्द वाचून अपघाताच्या क्षणीं कोणते व्यवहार अपुरे होते आणि कोणतीं पानें मागें असण्याचा संभव आहे याची यादी करावयाची. दुसऱ्या फेरींत सर्व बदल, अपुऱ्या व्यवहारांचेसुद्धां, पुन्हां चढवावयाचे. म्हणजे झालेला इतिहास जसाच्या तसा पुन्हां उभा करावयाचा. तिसऱ्या फेरींत अपुऱ्या व्यवहारांचे बदल उलट्या क्रमानें परत घ्यावयाचे. आणि परत घेण्याच्या प्रत्येक कृतीचीहि कीर्दींत नोंद करावयाची, म्हणजे मध्येंच पुन्हां दिवा गेला तर फेडलेलें ऋण दुसऱ्यांदा फेडलें जात नाहीं.

जे बदल रद्द करावयाचे ते आधीं पुन्हां कशाला चढवावयाचे, अशी शंका श्रोत्यांना येईल. तिचें उत्तर सूचीच्या उदाहरणानेंच चांगलें मिळतें. समजा, पहिल्या माणसानें सूचींत "जोशी" हें नांव 12 व्या पानावर घातलें. त्याचा व्यवहार अजून पुरा व्हावयाचा आहे. तेवढ्यांत दुसऱ्यानें त्याच पानावर आणखी एक नांव घातलें, पान भरलें, त्याची विभागणी झाली आणि "जोशी" 57 व्या पानावर गेला. दुसऱ्याचा व्यवहार पुरा झाला, आणि मग वीज गेली. आतां पहिल्याचें काम रद्द करावयाचें म्हणून 12 वें पान पूर्वीं होतें तसें ठेवून दिलें, तर दुसऱ्याचें पुरें झालेलें कामहि त्याबरोबर जाईल. त्या बिचाऱ्याचा तर कांहीं दोष नाहीं. म्हणून आधीं सर्व पानें अपघाताच्या क्षणीं होतीं तशीं उभीं करावयाचीं, मग मुळापासून वाट काढीत "जोशी" आज कोठें आहे तें शोधावयाचें, आणि तेवढेंच नांव तेथून काढावयाचें. पानाची झालेली विभागणी मात्र उलटवावयाची नाहीं. ज्याच्यामुळें विभागणी झाली त्याचा व्यवहार फसला तरी ती राहूं द्यावयाची. कारण दोन पानें झाल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं, आणि त्या पानांवर आतां इतरांचेंहि सामान असतें. पुढें चढवितांना पानाचा विचार, मागें घेतांना नांवाचा विचार, हें सूची-रक्षणाचें मुख्य सूत्र होय.

आतां एक बारीकसा पण घातक धोका सांगतों. पोस्टग्रेस या डेटाबेसाचें एक पान 8,192 अक्षरांचें असतें. डिस्क मात्र एका दमांत त्याहून लहान, 512 किंवा 4,096 अक्षरांचा तुकडाच निश्चितपणें लिहूं शकते. म्हणजे पान उतरत असतां वीज गेली तर त्याचा वरचा भाग नवा आणि खालचा जुना, असें फाटकें पान मागें राहतें. माथ्यावरचा अनुक्रमांक तर नवा दिसतो, म्हणून संगणक फसतो. यावर तोड अशी कीं, प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादें पान पहिल्यांदा बदललें कीं त्या संपूर्ण पानाची प्रतच कीर्दींत घालावयाची. दुरुस्तीच्या वेळीं फाटक्या पानाकडे न पाहतां ती प्रत त्यावर ठेवावयाची आणि पुढच्या नोंदी चढवावयाच्या. कीर्दीची स्वतःची शेवटची ओळ अर्धवट असेल तर? प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या अक्षरांवरून काढलेला एक ताळ्याचा आंकडा लिहिलेला असतो. ताळा जमला नाहीं कीं कीर्द तेथेंच संपली असें समजावयाचें. ती ओळ पुरी झालेली नव्हती, म्हणजे गिऱ्हाइकालाहि "झालें" असें सांगितलेलें नव्हतें.

आतां पोस्टग्रेसचीच एक हकीकत सांगतों, कारण तींत बोध आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत 1986 सालीं मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं याचा आरंभ झाला. मूळ योजनेंत कीर्द नव्हतीच. जुनी नोंद कधींच पुसावयाची नाहीं, नवी तिच्या जोडीला लिहावयाची, अशी कल्पना होती. पुढें हें डेटाबेस लोकांच्या हातीं आलें, जगभरचे स्वयंसेवक त्यावर काम करूं लागले, आणि 2001 सालच्या आवृत्तींत कीर्द आली. मुख्य बी-ट्री सूचीला तिचें संरक्षण मिळालें. नकाशे व भौमितिक आकार यांसाठीं वापरल्या जाणाऱ्या जिस्ट नांवाच्या सूचीला तें 2005 सालीं मिळालें. पण हॅश नांवाची एक सूची तशीच उघडी राहिली. टपाल कचेरींत पत्रें खणांत टाकतात, तशी ती सूची एका गणिती हिशेबानें प्रत्येक नांव ठराविक खणांत टाकते. तिच्या बदलांची नोंद कीर्दींत होत नसे. वीज गेली आणि आली कीं इतर सर्व दप्तर सांवरलेलें असे. ही एकटी सूची खरी कीं खोटी हें कोणी सांगूं शकत नसे. माहितीपुस्तकांतच इशारा छापलेला असे कीं अपघातानंतर ही सूची पुन्हां नव्यानें बांधावी लागेल, म्हणून ती वापरूं नये हें बरें.

असें सोळा वर्षें कां चाललें? युक्तिवाद वरकरणीं पटण्यासारखा होता. सूची ही मूळ नोंदींची सावली; मोडली तर मूळ नोंदींवरून पुन्हां करावी. परंतु या युक्तिवादांत तीन भोंकें आहेत. मोठ्या दप्तराची सूची नव्यानें करावयास तासन्‌तास लागतात, आणि तोंवर दप्तर असून नसल्यासारखें. दुसरें, ती मोडली आहे हें आधीं कळावयास पाहिजे, आणि मोडकी सूची तें सांगत नाहीं. तिसरें सर्वांत महत्त्वाचें: मोठ्या संस्था एक दप्तर चालूं असतां दुसऱ्या जागीं त्याची जिवंत प्रत ठेवतात, आणि ती प्रत कीर्द वाचूनच तयार होते. जें कीर्दींत नाहीं तें प्रतींतहि नाहीं. म्हणजे मुख्य संगणक बंद पडून राखीव संगणक पुढें आला कीं त्यावरील हॅश सूची आरंभापासूनच खोटी.

ही उणीव 2017 सालच्या दहाव्या आवृत्तींत भरून निघाली. कीर्दीची जोड देण्याचें तें काम अमित कपिला यांच्या नांवें नोंदलेलें आहे. त्यासाठीं केवळ नोंदी लिहून भागलें नाहीं. सूचीची चालच बदलावी लागली. खण भरला कीं त्यांतील कांहीं नांवें नव्या खणांत हलवावीं लागतात, आणि हें काम लांबतें. तें अनेक लहान पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरीची नोंद केली. काम चालूं असतां दोन्ही खणांवर "हलविणें चालूं आहे" अशी खूण राहते, आणि हलविलेल्या नांवांवर वेगळी खूण असते. शोधणारा ती पाहून एकच नांव दोनदां मोजीत नाहीं. मध्येंच वीज गेली तर खूण तशीच राहते. पुढें जो कोणी त्या जुन्या खणांत नवें नांव घालावयास येईल, त्यानें आधीं अर्धें राहिलेलें काम पुरें करावयाचें आणि मग आपलें. बी-ट्रीच्या विभागणीलाहि याच जातीची खूण 2014 सालच्या आवृत्तीपासून आहे. अपुरें काम लपवूं नये, त्यावर खूण करावी, म्हणजे पुढच्या माणसाला तें सांपडतें. घरगुती शहाणपण तें हेंच.

कीर्द असली कीं सर्व संकटें टळलीं असें मात्र समजूं नये. कीर्दीचा सर्व डोलारा एका विश्वासावर उभा आहे: डिस्क "लिहिलें" म्हणाली म्हणजे तिनें खरोखर लिहिलें. 2018 सालीं पोस्टग्रेसच्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं, लिनक्स या यंत्रणेंत एखादें पान उतरविणें फसलें तर त्याची वर्दी एकदांच मिळते. दुसऱ्यांदा विचारावें तर "सर्व ठीक" असें उत्तर येतें, आणि पान मात्र उतरलेलें नसतें. 2019 च्या आरंभीं केलेली दुरुस्ती मोठी अर्थपूर्ण आहे. अशी वर्दी मिळतांच डेटाबेस आतां पुढें रेटून नेत नाहीं. तें स्वतःहून सारें काम थांबवितें आणि शेवटच्या खुणेच्या दगडापासून कीर्द पुन्हां वाचूं लागतें. संशय असतां चालत राहण्यापेक्षां जाणून बुजून पडणें आणि कीर्दीचा आधार घेऊन उठणें त्याला अधिक सुरक्षित वाटतें.

दुसरी मर्यादा अशी कीं कीर्द लिहिलेल्या गोष्टी जपते, लिहिण्यामागील समजूत जपीत नाहीं. क्ष हा वर्ण क मध्यें धरावा कीं ह नंतर, याविषयीं कोशकारांत भेद असतो, हें आपणांस ठाऊक आहे. एका समजुतीनें लावलेली कार्डें दुसऱ्या समजुतीच्या ग्रंथपालाच्या हातीं दिलीं तर एकहि कार्ड हरवलेलें नसतां त्याला तीं सांपडणार नाहींत. 2018 सालीं लिनक्समधील एका मूलभूत ग्रंथसंचानें अक्षरक्रमाचे नियम बदलले, तेव्हां पुष्कळ ठिकाणच्या सूचींची हीच गत झाली. तेथें कीर्द निरुपयोगी. सूची नव्यानें बांधणें हाच मार्ग. म्हणून शहाणे चालक सूची मूळ नोंदींशीं अधूनमधून ताडून पाहतात, आणि दप्तराची प्रत दुसऱ्या जागीं ठेवून ती खरोखर उघडते कीं नाहीं याचीहि परीक्षा घेतात.

श्रोतेहो, आपण बँकेंत किंवा तिकिटाच्या खिडकीशीं उभे असतां यंत्र क्षणभर थांबतें आणि मग "व्यवहार पूर्ण" अशीं अक्षरें उमटतात. त्या क्षणभरांत पुष्कळ कांहीं घडतें. पण त्यांतील मुख्य गोष्ट एकच, एक ओळ टिकाऊ जागीं लिहून होते. सूचीचीं पानें तेव्हां अजून मागेंच असतात, आणि तीं मागें असण्यांत कांहीं वावगें नाहीं.

आमच्या पेठेंतील तें दुकान आतां राहिलें नाहीं. दिवाणजीहि गेले. एका पावसाळ्यांत छप्पर गळून त्यांच्या खतावणीचीं कांहीं पानें भिजून चिकटलीं होतीं, तेव्हांची आठवण आहे. मालक घाबरा झाला. दिवाणजींनीं ट्रंकेंतून कीर्द काढली, कोरी वही पुढें ओढली, मागल्या दिवाळीचें पूजन जेथें झालें होतें तें पान उघडलें, आणि बोट ठेवून ते एकेक ओळ वाचीत बसले. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं खतावणी पुन्हां उभी राहिली. गिऱ्हाइकांना कांहीं झालें होतें याचा पत्ताहि लागला नाहीं.